आईचा रविवार

दार वाजलं तेव्हा डॅमरिस चुलीपुढे बसून गव्हाची खीर ढवळत होती, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की आपलं दार वाजवणारं माणूस कोण? बेडमिन्स्टरच्या त्या गल्लीत कोणी कोणाचं दार वाजवत नसे. शेजारची टोवीबाई यायची ती बोलत बोलतच, निम्मं वाक्य बाहेर आणि निम्मं आत. धुण्याची बोचकी आणून टाकणारी पोरं तर दार लाथेनेच ढकलत. डॅमरिसने पळी तशीच सोडली, हात पुसले आणि दार उघडलं. बाहेर केझिया उभी होती. तिची स्वतःची मुलगी, तेरा वर्षांची, हातात कुठल्याशा बांधावरून खुडलेली जांभळी फुलं, डोक्याला स्वच्छ टोपी. दार वाजवून दोन पावलं मागे सरली होती आणि मान खाली घालून कोणी आत घेईल म्हणून थांबली होती. "अगं, वाजवतेस काय? घर विसरलीस की काय?" डॅमरिस हसत म्हणाली. केझियाही हसली, पण जागची हलली नाही. "ये ना," म्हटल्यावर आली. आत येऊनही उभीच राहिली, आणि "बस" म्हटल्यावर बाकाच्या अगदी कडेला बसली. डॅमरिसने फुलं पाण्यात ठेवली, पुन्हा पळी हातात घेतली, आणि खीर खाली लागायला लागली तरी तिचा हात फिरेना.

ईस्टरच्या आधीच्या उपासांत मधला एक रविवार येतो, तो आईचा. त्या दिवशी उमेदवारी करणारी मुलं, घरकामाच्या पोरी, सगळ्यांना सकाळपासून अंधार पडेपर्यंत घरी जायची मोकळीक असते. ब्रिस्टलच्या मालक लोकांचं मन त्या एका दिवशी एवढं मोठं होतं की पुढे वर्षभर ते जपून वापरावं लागतं. मागच्या वर्षी केझियाला खोकला होता म्हणून पाठवलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी आली होती तेव्हा ती नुकतीच लागलेली, धावतच आली होती, आणि दाराला खांद्याने असा धक्का दिला होता की कडी निखळली होती. ती कडी डॅमरिसने अजून नीट बसवली नव्हती. लहानपणी या पोरीला दार हळू लाव म्हणून सांगून सांगून तिचा घसा बसायचा, तिचा नवरा आबेल म्हणायचा, जाऊ दे, आपल्या घरात आहे तोवर आपटू दे. आबेल पिंपं बांधायचा. गिनीच्या किनाऱ्याला निघालेल्या एका जहाजावर गेला आणि तिकडेच तापाने गेला, त्याची हत्यारं तेवढी परत आली. मग गिरजाघरातल्या सद्गृहस्थांनी धर्मादाय निधीतून पोरीच्या उमेदवारीची सोय लावून दिली. लूइन्स मीडमधले पॉबजॉय, तंबाखूचे मातीचे पाइप बनवणारे. चांगलं कुटुंब, रविवार न चुकवणारं. सात वर्षांचा करार. तो वाचून दाखवला तेव्हा डॅमरिस नवा एप्रन लावून उभी होती, आणि त्या लांबलचक मजकुरातलं तिच्या कानात काय राहिलं तर खाणं, पिणं, कपडा, निवारा आणि शिकवतील हा शब्द. परवानगीवाचून घर सोडणार नाही, मालकाची गुपितं सांभाळेल, हेही त्यात होतं. ते तिने ऐकलं होतं, पण पाइपच्या धंद्यात कसली आली गुपितं, असं तिला वाटलं होतं, आणि त्या दिवशी ती खरोखर सुखात होती.

"खा ना," ती म्हणाली. केझियाने वाडगा घेतला आणि खाली मान घालून, एकदाही न थांबता, खीर संपवली. इतक्या झपाट्याने की चव लागली असेल की नाही कोण जाणे. डॅमरिसने पुन्हा वाढली, तीही गेली. मग केकचा तुकडा हातात दिला तर तो मात्र लवकर संपेना. ती बोलत होती, भट्टी पेटली की दोन दिवस सगळं घर कसं ऊबदार असतं, पांढरी माती बोटींतून कशी येते, जहाजांसाठी पाइप पेंढ्यात कसे भरतात, आणि बोलता बोलता तिची बोटं केकचा चुरा फळकुटावर पुढे-मागे फिरवत होती. पुढे, मागे, पुढे, मागे. चुऱ्याची बारीक लांब वळी झाली, एका टोकाला गोळा, दुसरं टोक निमुळतं. तिने ती मोडली आणि दुसरी सुरू केली. तिचं तिला कळत नव्हतं. डॅमरिस बघत राहिली. हात शिकला आहे, तिने स्वतःला सांगितलं, हात शिकला म्हणजे पोट भरेल. 

तेवढ्यात टोवीबाई आली, म्हणजे तिचा आवाज आला आणि मागून ती. "आली का गं पाइपवाली? बघू तरी. उंच झालीस की. आणि माझ्यासाठी एखादा पाइप आणलास का नाही खिशात लपवून? म्हातारीचा शेवटचा दातसुद्धा पडला, आता पाइप तेवढा राहिलाय तोंडात धरायला." तिला वाटलं होतं पोरगी हसेल. केझिया ताडकन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही हो. मी काही नाही घेतलं. बघा ना." आणि तिने दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले, एप्रन झटकला, बाही वर सारली, आणि तशीच उभी राहिली, बाहेर लोंबणारे खिसे घेऊन. टोवीबाईने डॅमरिसकडे पाहिलं.  "गंमत केली गं बाई," ती शेवटी म्हणाली, "गंमत करतात माणसं," आणि काहीतरी चुलीवर राहिल्याचं सांगून निघून गेली. खिसे आत घालताना केझियाचे हात उताणे झाले आणि तेव्हा डॅमरिसने तळहात पाहिले.

आडवे, बारीक वळ, एकमेकांना लागून. काही जुने, पांढरे पडलेले, काही कालचे, लाल, मधे एक फुटलेला. डॅमरिसने ते हात धरले तर पोरीने ओढून घेतले नाहीत, उलट बोटं आणखी ताणून सरळ केली. हे कसले, असं विचारलं तेव्हा तिने सांगितलं, अगदी एखाद्या कामाची रीत सांगावी तसं. मातीची वळी वळायची, मग तिच्यातून तेल लावलेली तार घालायची, पार टोकापर्यंत, बरोबर मधोमध, न बघता, बोटांनीच अंदाज घेत. तारेचं टोक कुशीतून बाहेर आलं की वळी फुकट. फुकट गेलेल्या वळ्या पॉबजॉयबाई फेकत नाहीत, एका फळीवर मांडून ठेवतात. शनिवारी काम आटोपलं, जमीन पुसली, की फळी खाली घ्यायची, आणि प्रत्येक वळीमागे एक, त्याच तारेने. "रागावतात फार?" डॅमरिसने विचारलं. "नाही गं. त्या कधीच रागावत नाहीत," केझिया म्हणाली. "माझ्याबरोबर दुसरी पोरगी आहे ना, हॅना, तिला तर मधे पाणी पण देतात प्यायला." "आणि मालक?" "मालक भट्टीवर असतात." डॅमरिसने सुजलेल्या तळहातावरून अंगठा फिरवला. आयुष्यभर ती हातांनीच जगली होती, तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. अशा हाताला उद्या तार कुठे चाललीय ते कळणार नाही. तार कुशीतून बाहेर येणार, फळी भरणार, शनिवार येणार. शनिवारचा हात घेऊन पुन्हा सोमवार. यातून सुटायचं तर हात बरे व्हायला हवेत, आणि हात बरे व्हायचे तर एकही वळी फुकट जायला नको. पोरगी आळशी नव्हती, मठ्ठ नव्हती. कोणीही असतं तरी त्या फळीवर वळ्या पडल्याच असत्या.

मार तिला माहीत नव्हता असं नाही. च्यू गावच्या एका गवळीवाड्यात ती स्वतः दहाव्या वर्षी लागली होती. तिथली मालकीण लोणी थापायच्या फळीने मारायची, हाताशी असेल त्याने मारायची, एकदा तर जिवंत कोंबडी फेकून मारली होती. पण ती बाई तापट होती. तिचा पारा चढलेला दुरून दिसायचा, पळता यायचं, लपता यायचं, आणि उतरला की ती स्वतःच रडायची आणि साय खायला द्यायची. अशाच एका आईच्या रविवारी डॅमरिसची आई तिला परत सोडायला आली होती. वाटेत ओढ्यापाशी आई म्हणाली होती, सोस बाई, सोसलं की संपतं. आणि ते संपलं होतं. म्हणून तर तिने केझियाला लूइन्स मीडच्या दारात सोडताना तेच सांगितलं होतं, त्याच शब्दांत, आणि आपण काही शहाणपणाचं देतो आहोत असं तिला वाटलं होतं. आता त्या शब्दांचीच तिला शिसारी आली. राग संपतो. पण न रागावता मारणाऱ्या माणसाचं काय संपणार? ते तर दर आठवड्याला जमीन पुसण्यासारखं ठरलेलं काम. तिला पॉबजॉयबाईंचा स्वच्छ, गोल चेहरा आठवला, आणि त्या चेहऱ्याबद्दल आपण गल्लीभर काय काय चांगलं सांगत फिरलो तेही आठवलं.

"आज जाऊ नकोस," ती एकदम म्हणाली. "इथेच राहा. मी बघते काय ते." हे बोलताना तिला फार बरं वाटलं, एखादं मोठं बोचकं पाठीवरून खाली टाकावं तसं. पण केझिया खिडकीकडे बघत होती. आल्यापासून मधून मधून बघत होती, ऊन कुठपर्यंत आलंय ते. "असं नको बोलू आई," ती म्हणाली. "हॅना राहिली होती गेल्या वर्षी तिच्या बापाकडे. एकच रात्र. सकाळी शिपाई आला. ब्राइडवेलच्या तुरुंगात ठेवली, केस कापले. बाप मेयरसाहेबांपुढे गेला, तर साहेबांनी विचारलं, खायला देतात का? देतात. काम शिकवतात का? शिकवतात. मग तुझी तक्रार काय आहे? चुकलं तर शिक्षा करायचा मालकाला हक्क आहे म्हणाले, आणि गेलेले दिवस तिच्या करारात वाढवून दिले. आता हॅनाचा बाप येत नाही."  मग हळूच म्हणाली, "तू बाईंना काही बोलणार नाहीस ना? हात दाखवले म्हणून?" "नाही." "शप्पथ?" "शप्पथ." "काहीच नाही हं आई. चांगलं पण काही नको बोलू." डॅमरिसने बदकाची चरबी तळहातांना चोळली, चिंध्या बांधायला घेतल्या तर केझिया म्हणाली नको, चिंध्या दिसतात. म्हणून थोडी चरबी लहानशा बुडकुल्यात घालून दिली. ऊन अजून चांगलं भिंतीवर होतं, तरी पोरगी उठून उभी राहिली. तिला घरातून जायची घाई झाली होती. डॅमरिसला याचं दुःख झालं, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, थोडं हायसंही वाटलं, कारण आता काही ठरवायचं उरलं नव्हतं. ते हायसं वाटणं तिला दिसलं आणि तिने स्वतःला मनातल्या मनात एक घाणेरडी शिवी दिली.

पुलावर गर्दी होती. सगळं शहर जणू त्याच कामाला बाहेर पडलं होतं. आया आपापल्या मुलांना परत पोचवत होत्या. इस्त्रीच्या टोप्या, घासून लाल केलेले कान, हातात रुमालात बांधलेला केक. न्हाव्याकडे लागलेला एक पोरगा आईच्या पुढे दहा पावलं चालत होता आणि आई त्याला हाका मारत होती. एक मुलगी मोठमोठ्याने हसत होती. डॅमरिस एकेकाचे हात बघत चालली. बहुतेकांनी हात खिशात घातले होते, किंवा एप्रनखाली, मार्चचा वारा होता म्हणून असेल. ओळखीची एक बाई भेटली, "किती गुणी दिसते हो तुमची," म्हणाली, डॅमरिस म्हणाली, "तुमचाही," आणि दोघी पुढे गेल्या. तिला वाटलं, इथे या पुलाच्या मधोमध उभं राहून ओरडावं, दाखवा रे सगळ्यांनी आपापले हात. मग काय झालं असतं? कोणी म्हटलं असतं बाई प्यालीय. बहुतेकांनी दाखवले असते, आणि मग सगळ्याच आया एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहिल्या असत्या, आणि अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून पुन्हा चालू लागल्या असत्या. खाली नदीला ओहोटी लागली होती, जहाजं चिखलात कलून बसली होती. उरलेली वर्षं तिने मोजली नाहीत. केझियाने तिचा हात धरला होता, पण गल्लीचं वळण आलं तसा सोडून दिला आणि टोपी सारखी केली.

पॉबजॉयबाई दारातच होत्या. "या, या, व्हॉल्सबाई. वेळेवर आलात हो, नाहीतर काही काही आया, पोर परत द्यायचं त्यांच्या जिवावर येतं." त्यांनी डॅमरिसला आत घेतलं, खुर्ची दिली, स्वतःच्या हाताने बिअर ओतून दिली. घर लखलखीत होतं. भिंतीला सगळीकडे फळ्या होत्या, त्यांवर ओले पाइप सुकत होते. त्यांतली ती फळी कोणती हे डॅमरिसला ओळखता येईना. केझिया भिंतीपाशी उभी राहिली होती. "तुम्हाला सांगू का," पॉबजॉयबाई म्हणाल्या, "हात आहे तुमच्या पोरीला. हॅना तिच्यापेक्षा मोठी, पण असा हलका हात नाही तिचा. अजून वर्षभरात माझ्या बरोबरीने बसेल." दोन वर्षं कोणी तिला मुलीबद्दल चांगला शब्द सांगितला नव्हता. डॅमरिसला सगळं ठाऊक होतं, घटकेपूर्वी तिने ते तळहात धरले होते, तरीसुद्धा ते शब्द ऐकून तिचा ऊर भरून आला. बिअर पोटात गेली होती, खुर्ची मऊ होती, समोरची बाई खरोखर मनापासून बोलत होती. तिला वाटलं, बाईमाणूसच आहे, हिच्या चांगुलपणाला कुठेतरी हात घालता येईल. हिला फक्त हे कळलेलं नाही की सुजलेल्या हाताने काम बिघडतं. हे कोणीतरी गोडीत सुचवलं तर त्यात हिचाच फायदा आहे. आणि ती म्हणाली, "आपले उपकार आहेत. तेवढं रात्री झोपताना तिला तळहातांना बदकाची चरबी लावू द्या. मी दिलीय बरोबर. हात मऊ राहिला म्हणजे तारही सरळ जाईल."

 भिंतीपाशी केझियाने मान वर केली आणि आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर डॅमरिसला सोसवलं असतं. "तार?" पॉबजॉयबाई अगदी हळू म्हणाल्या. "बरंच काही शिकून आलात की तुम्ही आमच्या धंद्यातलं. आणि तळहातांना काय झालंय? काय झालंय गं केझिया? मला नाही सांगितलंस. घरी जाऊन सांगितलंस, आणि मला नाही." त्यांचा आवाज तसाच गोड होता, चढला नाही, आणि डॅमरिसला कळलं की आपण आत्ता, या खुर्चीत बसून, काय केलं. अजून ही बाई उठली नव्हती. अजून एखादा क्षण होता. तिच्या डोक्यात धडाधड एकच गोष्ट येत होती, की पोरीच्या बाजूने आपण एक शब्द जरी आणखी बोललो तर त्याची भरपाई आपण गेल्यावर पोरगीच करणार. मग दुसरी बाजू एकच उरली होती. ती उठली, भिंतीपाशी गेली, आणि तिने केझियाच्या थोबाडीत मारली. जोरात, आवाज होईल अशी. "खोटारडी कुठली," ती ओरडली. "घरी आली की हेच. लहानपणापासून कांगावखोर आहे हो ही, दारात बोट चेमटलं तर हात तुटला म्हणून गाव गोळा करायची. आज म्हणते, तार लागते हाताला. मी तरी कशी फसले. तुम्ही मुळीच सोडू नका हिला." तिचा स्वतःचा हात झिणझिणत होता. केझियाला तिने आजवर कधी मारलं नव्हतं, आबेलनेही नाही.

पॉबजॉयबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते डॅमरिसने पाहिलं आणि क्षणभर, देवा, तिला वाटलं की जमलं. मग तिने मुलीकडे पाहिलं. केझियाने गालाला हात लावला नव्हता. तिने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले होते, हनुवटी उचलली होती, डोळे मिटले होते, आणि पाय किंचित फाकवून, दुसरी थप्पड नीट बसावी म्हणून, ती हलू न देता मान पुढे धरून उभी होती. दुसरी आली नाही तेव्हा तिने डोळे न उघडताच, सवयीच्या आवाजात म्हटलं, "आभारी आहे, बाई."

"पाहिलंत?" पॉबजॉयबाई कौतुकाने म्हणाल्या. "वळण लागलंय तिला. तुम्ही काही काळजी करू नका." त्यांनी केझियाच्या एप्रनच्या खिशातून बुडकुलं काढून घेतलं, वास घेतला आणि ते वरच्या फळीवर ठेवलं. मग त्या डॅमरिसला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी जरा लवकर या, जेवूनच जा. डॅमरिसने गुडघा वाकवून नमस्कार केला आणि येईन म्हणाली.